रुमालाखालचा आकडा

माझा आवाज मोठा आहे. तो मला कमवावा लागला नाही, जन्मतःच घेऊन आले. बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली ते चौथीला शिकवलं, पण टेबलावर डस्टर आपटायची वेळ कधी आली नाही. मी नुसतं "काय चाललंय?" म्हटलं की वर्गातली मुलंच काय, व्हरांड्यातले मास्तरसुद्धा गप्प व्हायचे. गावात कुणी माझ्याशी वाद घालत नाही. घरात घालायला होतं कोण, तर आमचे हे, आणि ते तर बोलतच नाहीत.

यांचा धंदा जनावरांच्या दलालीचा. काष्टीच्या बाजारात बैल विकणारा आणि घेणारा यांच्या मधे उभं राहायचं आणि सौदा जुळवायचा. त्यात भाव तोंडानं बोलायचा नाही. खांद्यावरचा रुमाल दोघांच्या हातांवर टाकायचा आणि त्याखाली एकमेकांची बोटं दाबून आकडा सांगायचा. किती बोटं धरली, कुठल्या पेरावर दाबलं, यावरून समोरच्याला बरोबर कळतं. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कुणाला पत्ता लागत नाही. लग्नानंतर मी पहिल्यांदा बाजारात गेले तेव्हा हे एका मिशीवाल्याचा हात रुमालाखाली धरून बराच वेळ नुसते उभे होते. घरी येऊन मी सासूबाईंना विचारलं, "यांची तब्येत बरी आहे ना?" सासूबाई हसून हसून खाली बसल्या.

या धंद्यात चेहरा कोरा ठेवावा लागतो. आकडा आवडला तरी डोळा हलता कामा नये, नाही आवडला तरी कपाळाला आठी पडता कामा नये. चाळीस वर्षं हेच केल्यावर यांचा चेहरा घरातही तसाच राहायचा. आमटीत मीठ जास्त झालं तरी तोच चेहरा, मुलगी परीक्षेत पहिली आली तरी तोच. मी बोलायची, ते ऐकायचे, आणि संसार चालला होता.

दोन वर्षांपूर्वी एका दुपारी हे बाजार करून आले आणि ओट्यावरच बसले. म्हणाले, "छातीत भरल्यावानी झालंय." हे आपणहून दुखण्याबद्दल बोलले, यातच मी काय ते ओळखायला हवं होतं. पण मी तोफ डागली. बाजारातली भजी खाल्ली असणार, वरून चहा ढोसला असणार, पित्ताचा त्रास माहीत असून जिभेवर ताबा नाही! एकीकडे बोलत मी लिंबू पिळलं, सोडा घातला आणि समोर उभी राहून सगळा ग्लास संपवायला लावला. तासाभरानं विचारलं, "आता कसं वाटतंय?" "काही न्हाई," ते म्हणाले. पुन्हा तासाभरानं विचारलं, पुन्हा "काही न्हाई". दिवेलागणीला पाणी द्यायला गेले तर सदरा घामानं भिजलेला आणि ओठ पांढरेफटक. धाकट्या दिरांनी गाडी काढली आणि नगर गाठलं. कागदावर आता अहिल्यानगर झालंय, पण घाबरल्यावर तोंडात नगरच येतं.

डॉक्टरांनी बंद पडलेली नळी उघडली, स्प्रिंग बसवली, जीव वाचला. मग बाहेर येऊन म्हणाले, "थोडं लवकर आणलं असतं तर बरं झालं असतं. हृदयाचा एक भाग कमजोर झालाय." बस, त्या वाक्यानं मी कोसळले. यांच्या खाटेपाशी बसून, जो भेटायला येईल त्याला सांगत सुटले, "मीच मारत होते यांना. मी सोडा पाजत बसले." हे गुंगीत आहेत, यांना काही ऐकू जात नाही, असं मी धरून चालले होते.

घरी आल्यावर जखम भरली, पण माणूस परत आला नाही. बाजार बंद झाला. दारातल्या रस्त्यापर्यंत जायचे आणि माघारी फिरायचे. उजव्या हाताची बोटं सतत डाव्या मनगटावर. टीव्ही बघताना, जेवताना, पेपर वाचतानासुद्धा नाडी मोजणं चालू. झोप नव्हतीच. मी दिवसातून दहा वेळा विचारायची, "काही होतंय का?" उत्तर ठरलेलं, "काही न्हाई." हे दोन शब्द ऐकले की मी यांच्या सदऱ्याला हात लावून घाम आलाय का बघायची, कारण त्या दिवशीही ते हेच म्हणाले होते. पुन्हा दुखलं तर हा माणूस मला सांगेल का, एवढा एकच प्रश्न माझ्या डोक्यात घर करून बसला होता. डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं की पुढच्या वेळी मिनिटं महत्त्वाची आहेत. मिनिटं कसली घेऊन बसलात, आमच्याकडे शब्दांचाच दुष्काळ होता.

तीन महिन्यांनी तपासणीला गेलो. डॉक्टर म्हणाले, हृदय अपेक्षेपेक्षा चांगलं सावरतंय, पण रक्तदाब खाली येत नाही आणि याला मनावरचा ताणही कारण असू शकतो. श्वासाचे व्यायाम करा, रोज चाला, मन मोकळं करा. मन मोकळं करा म्हटल्यावर हे खिडकीबाहेर बघायला लागले. तेव्हा मी विचारलं, आमच्या शाळेतल्या एका बाई श्रीगोंद्याला अ‍ॅक्युपंक्चर, म्हणजे सुयांचे उपचार घेतात, झोपेसाठी, ते चालेल का? डॉक्टर म्हणाले, शिकलेली व्यक्ती असेल तर हरकत नाही, पण गोळी एकही बंद करायची नाही आणि रक्त पातळ करण्याचं औषध चालू आहे हे तिथं आधी सांगायचं.

खरं सांगायचं तर माझा त्या सुयांवर काडीचा विश्वास नव्हता. चिनी काहीतरी, टोचून घ्या आणि पैसे द्या, असंच माझं मत. पण झोपेवाचून बसलेला माणूस रोज समोर दिसत असला की मतं बाजूला ठेवावी लागतात.

दवाखाना बियाण्यांच्या दुकानावर होता. अरुंद जिना, वर दोन खोल्या, तीन खाटा, मधे हिरवे पडदे. डॉक्टरताई चाळिशीच्या, सुती साडी, केसांचा घट्ट अंबाडा, आवाज इतका हळू की मला पुढं वाकून ऐकावं लागलं. पहिला अर्धा तास त्यांनी एकही सुई काढली नाही. यांची फाईल पहिल्या कागदापासून शेवटच्या कागदापर्यंत वाचली. गोळ्यांची नावं स्वतःच्या वहीत उतरवून घेतली. मग म्हणाल्या, "काका, एक गोष्ट आधीच सांगते. माझ्या सुयांनी हृदयाची नळी उघडत नाही. ते काम मोठ्या डॉक्टरांचं, आणि ते त्यांनी केलंय. अंगातला ताण उतरावा, झोप यावी, श्वास मोकळा व्हावा, यासाठी मी प्रयत्न करीन. सगळ्यांना सारखा गुण येत नाही. चार-पाच वेळा करून काही फरक पडला नाही तर मीच तुम्हाला येऊ नका म्हणीन."

आयुष्यात इतके डॉक्टर पाहिले, पण आपल्या विद्येला काय येत नाही हे पहिल्याच भेटीत सांगणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं. मी खुर्चीत जरा सरळ बसले.

सुया बघून हे बऱ्याच दिवसांनी काहीतरी बोलले. म्हणाले, "डाक्टरीनबाई, लई बैलांच्या नाकात येसन घालताना म्या दाभन धरलंय. आता माझी पाळी आली म्हना." ताई हसल्या आणि सुई यांच्या तळहातावर ठेवली. केसाएवढी बारीक. एका वेळेला वापरायची आणि डब्यात टाकून द्यायची, दुसऱ्याला लावायची नाही. मनगटाच्या आतल्या बाजूला, पायाच्या नडगीजवळ, पावलावर आणि दोन भुवयांच्या मधे अशा त्यांनी त्या हळूच लावल्या. यांचा चेहरा अर्थातच कोरा. "दुखतंय का?" "काही न्हाई." वीस मिनिटांनी सुया काढल्या. रक्त पातळ असल्यामुळे प्रत्येक जागेवर ताईंनी कापूस धरून ठेवला, घाई केली नाही. त्यांच्या कामात घाई कधीच नसायची.

दुसऱ्या वेळीही तसंच झालं. झोपेत थोडा फरक वाटला, पण मनगटावरची बोटं काही हटली नाहीत. ताई यांना विचारायच्या आणि उत्तर मी द्यायची. भूक कशी आहे? बरी आहे, मी म्हणायची. चालणं होतं का? कुठलं आलंय, मी म्हणायची. ताई शांतपणे माझं ऐकायच्या आणि पुन्हा यांच्याकडे बघून तोच प्रश्न विचारायच्या. मला ते फारसं आवडत नव्हतं. वर्गात उत्तर कोणी द्यायचं हे मी ठरवायची, इथं दुसरंच कोणी ठरवत होतं.

तिसऱ्या वेळेला ताईंनी स्टूल ओढून घेतलं आणि यांच्या खाटेशी बसल्या. म्हणाल्या, "काका, दिवसातून भीती किती वाटते? दहापैकी सांगा. दहा म्हणजे सगळ्यात जास्त."

"काही न्हाई," हे म्हणाले.

"अहो, सांगा ना!" मी म्हणाले. "इथं काय बाजार भरलाय का?"

ताईंनी माझ्याकडे वळून पाहिलं. मग उठल्या, खुंटीवरचा धुतलेला नॅपकिन काढला आणि पुन्हा येऊन बसल्या. "बाजारच भरवू," त्या म्हणाल्या. "काका, माझे वडील शेवगावच्या बाजारात शेळ्यामेंढ्यांचा व्यापार करायचे. लहानपणी मी त्यांच्याबरोबर जायची. मला सगळी बोटं येत नाहीत, पण दहापर्यंत येतात." आणि त्यांनी आपला उजवा हात यांच्या हातात दिला आणि वर नॅपकिन टाकला.

हे आधी चमकले. बाईमाणसाशी असा सौदा त्यांनी जन्मात केला नव्हता. मग मी बघितलं, यांची पाठ आपोआप ताठ झाली. मान किंचित तिरकी झाली. बाजारात उभे राहतात तसेच हे खाटेवर बसले होते. नॅपकिनखाली काहीतरी हललं. ताईंनी मान डोलावली आणि पुन्हा काही विचारलं, पण तोंडानं नाही. पुन्हा नॅपकिन हलला. असं बराच वेळ चाललं. खाली रस्त्यावर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता आणि वर माझ्या नवऱ्याची बोटं एका परक्या बाईला मनातलं सगळं सांगत होती. मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं.

"किती?" मी न राहवून विचारलं.

"बाई, रुमालाखालचा आकडा मधल्या माणसानं बाहेर सांगायचा नसतो," ताई म्हणाल्या आणि नॅपकिन काढून घेतला.

मग सुया लावल्या. हे उताणे झोपले आणि थोड्या वेळानं यांच्या डोळ्यांच्या कडांमधून पाणी यायला लागलं. हाताला सुया, त्यामुळे पुसता येईना. कानापर्यंत ओघळ गेले. चेहरा तोच कोरा आणि पाणी मात्र थांबत नाही. मी पदरानं पुसत राहिले. दहा मिनिटांनी हे घोरायला लागले. ताईंनी सुया वेळेवर काढल्या, पण यांना उठवलं नाही. पुढच्या पेशंटला बाजूच्या खाटेवर घेतलं आणि यांना तासभर झोपू दिलं.

मी मात्र बाहेरच्या बाकड्यावर धुमसत होते. चाळीस वर्षं या माणसाच्या भाकरी थापल्या, आणि आकडा सांगितला कुणाला, तर तीन वेळा भेटलेल्या बाईला! ताई बाहेर आल्या तशी मी सरळ विचारलं, "त्यांना माझी भीती वाटते का?"

"ते मी कसं सांगू?" त्या म्हणाल्या. "तुम्हीच विचारा. पण विचारल्यावर थांबा, बाई. उत्तर यायला वेळ लागतो. तुम्ही थांबत नाही."

असं माझ्या तोंडावर मला आजवर कुणी बोललं नव्हतं. शाळा तपासायला येणारे केंद्रप्रमुखसुद्धा नाही. घरी जाईपर्यंत मी गाडीत एक शब्द बोलले नाही, आणि दीर दोनदा मागं वळून बघत होते की मला बरं आहे ना.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे ओट्यावर बसले होते. मी परातीत ज्वारी निवडायला घेतली आणि विचारलं, "अहो, त्या दिवशी दुखत होतं तर तुम्ही मला 'काही न्हाई' का म्हणत होतात? माझ्या बोलण्याला भ्यायलात का?" आणि थांबले. अख्खी परात निवडून झाली. मी पुन्हा पहिल्यापासून निवडायला घेतली. माझ्या जिभेवर सतरा वाक्यं आली आणि मी ती गिळली.

"तवा तुजं बोलनं नगं वाटलं, खरं हाय," ते शेवटी म्हणाले. "पर आता त्ये न्हाई. दवाखान्यात तू समद्यास्नी सांगत हुतीस, मीच मारलं ह्यांना म्हून. मला ऐकू येत हुतं. आता फिरून दुखलं आन् म्या बोललो, तर तुलाच लागंल. म्हून न्हाई बोलत."

मी परात खाली ठेवली. इतके दिवस मला वाटत होतं, हा माणूस माझ्या रागाला भिऊन गप्प आहे. तो मला जपायला गप्प होता, आणि पुन्हा दुखलं असतं तर त्या जपण्यानंच त्याचा जीव गेला असता. मला त्यांचा भयंकर राग आला आणि त्याहून जास्त माया आली. मी त्यांना म्हणाले, "पुन्हा दुखलं तर पहिलं मला सांगायचं. मी तुम्हालाही बोलणार नाही आणि स्वतःलाही बोलणार नाही. शब्द देते." हे मात्र हो म्हणाले नाहीत.

पुढचे चार-पाच महिने आम्ही श्रीगोंद्याला जात राहिलो, आधी आठवड्याला, मग पंधरा दिवसांनी. एकदा ताईंनी सहज माझा रक्तदाब मोजला आणि भुवया उंचावल्या. आधी मला फिजिशियनकडे पाठवलं, गोळी सुरू झाली, आणि मग मलाही सुया लागल्या. मधे पडदा, अलीकडे मी, पलीकडे हे. वीस मिनिटं गप्प पडून राहायचं ही शिक्षा मी किती मुलांना दिली असेल, स्वतः पहिल्यांदाच भोगत होते. पहिल्या दिवशी छताच्या पत्र्याचे खिळे मोजले. नंतर नंतर मनगटातून खांद्यापर्यंत काहीतरी सैल होत जायचं आणि पलीकडचा यांचा श्वास ऐकू यायचा, संथ, एकसारखा. तो ऐकत पडून राहणं मला फार आवडायला लागलं. घरी कामाच्या रगाड्यात मी तो कधी ऐकला नव्हता.

यांची झोप परत आली. तपासणीत रक्तदाबही उतरलेला दिसला. मनगटावरची बोटं कधी सुटली ते आमच्या लक्षातही आलं नाही. एका बाजाराच्या दिवशी सकाळी यांनी रुमाल झटकला, खांद्यावर टाकला आणि म्हणाले, "जाऊन येतो जरा." मी दारात उभी राहिले आणि भजी खाऊ नका एवढंही म्हणाले नाही. आत येऊन मग एकटीच रडले.

आनंदाच्या भरात मी एकदा ताईंना विचारलं, "आता एवढं बरं आहे, तर एखादी गोळी कमी करायची का?" त्या हळू बोलणाऱ्या बाईचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा चढलेला ऐकला. "बाई, तुम्ही शिकलेल्या आहात! माझ्यामुळे गोळी बंद झालेली कळली तर मी काकांना इथं पाय ठेवू देणार नाही." आणि आमच्या देखत त्यांनी नगरच्या डॉक्टरांना फोन लावून औषधं तीच आहेत ना हे विचारून घेतलं. मला राग यायला हवा होता. पण मला त्या इतक्या आवडल्या त्या क्षणी, की वाटलं, आपल्या शाळेत अशी एक मुलगी घडली असती तर बरं झालं असतं.

यंदाच्या उन्हाळ्यात माझ्या भाच्याचं लग्न होतं. माझं माहेर पुणतांब्याच्या बाजूला, गोदावरीकाठी. हे म्हणजे घरातले थोरले जावई. फेटा, मान, पहिल्या पंगतीत मधली जागा. पुरुषांची पंगत मांडवाच्या एका अंगाला आणि आम्हा बायकांची दुसऱ्या अंगाला, मधे कनात. लापशी वाढून झाली होती, वरण-भाताचं घमेलं फिरत होतं, आणि माझ्या दोन्ही बाजूंना माझ्या चुलत बहिणी बसल्या होत्या. अर्थातच मी बोलत होते.

एकदम आमच्या पंगतीतला आवाज बंद झाला. मी मान वर केली. हे कनात बाजूला सारून बायकांच्या पंगतीत आले होते. डोक्यावर फेटा, उजवा हात उष्टा. सासुरवाडीत जावयानं भरल्या ताटावरून उठायचं नसतं, आणि बायकांच्या पंगतीत तर पाऊलही टाकायचं नसतं. नात्यातल्या चाळीस-पन्नास बायका घास हातात धरून बघत होत्या. कुणीतरी पदर सावरला. हे ताटांच्या मधून वाट काढत माझ्यापाशी आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अगं, छातीत दुखतंय. भ्या वाटतंय मला. चल."

मागून माझा धाकटा भाऊ धावत आला. "दाजी, ऊन लागलं असंल. जरा आत पंख्याखाली पडा." एक बहीण म्हणाली, पित्त असेल. मी ताटावरून उठले, यांचा हात धरला आणि चालू लागले. हात धुवायला थांबले नाही. भावाला फक्त म्हणाले, "गाडी." एवढा एकच शब्द, पण तो माझ्या जुन्या आवाजात निघाला असावा, कारण भाऊ चपला न घालताच पळाला.

अर्ध्या तासात मोठा दवाखाना गाठला. वाटेत, लग्नाला आमच्याबरोबर आलेले दीर फोनवर नगरच्या डॉक्टरांशी बोलत होते. हे माझ्या खांद्याला टेकून बसले होते आणि मी विचारलं नसतानाही ते सांगत होते, "आता डाव्या हातात आलं." "आता वाइच कमी हाय." "आता फिरून आलं." चाळीस वर्षांत हा माणूस माझ्याशी इतकं सलग बोलला नव्हता. मी एकाही वाक्याला मधे तोडलं नाही.

दुसरी एक नळी आवळली होती. ती उघडली. डॉक्टर बाहेर आले तेव्हा मी उभी राहिले. ते म्हणाले, "अगदी वेळेत आलात. हृदयाला या खेपेला धक्का बसलेला नाही."

आम्ही बाहेर बाकावर बसलो. भावाला आता कंठ फुटला. तो मनानं चांगला आहे, पण घाबरला की वाद घालतो. म्हणाला, "ताई, एक विचारू? एवढे महिने त्या सुया टोचून घेतल्यात तुम्ही दोघांनी. व्हायचं ते झालंच की नाही? मग काय उपयोग झाला त्यांचा?"

मी त्याला उत्तर द्यायला तोंड उघडलं. सांगण्यासारखं खूप होतं. सुयांनी नळी उघडत नाही हे त्या बाईनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, हे सांगायचं होतं. पण तेवढ्यात आतून सिस्टर कागद घेऊन आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"पेशंटच्या पत्नी तुम्हीच ना? माहिती भरायचीय. त्रास पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आला?"

"कुणाच्या नाही," मी म्हणाले. "त्यांनीच सांगितलं."

"लगेच?"

"लगेच. जेवणावरून उठून."

"कुणाला सांगितलं?"

"मला," मी म्हणाले. आणि मग त्या सिस्टरसमोर, भावासमोर, सगळ्या दवाखान्यासमोर मला रडू आवरेना. "मला सांगितलं हो त्यांनी. मला."